पिनांवरचे छत : मिनी ट्रॅक्टरसाठी घरी केलेली सुटी केबिन

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या सुरू उसाची मोठी बांधणी चालली होती, त्या वेळी आमचा मिनी ट्रॅक्टर बांधाला कलंडला. धाकटा भाऊ चालवीत होता. वेग म्हणावा तर काहीच नव्हता. सरीच्या टोकाला पहिल्या गिअरमध्ये वळण घेताना डावे मागचे चाक बांधावर चढले आणि ट्रॅक्टर सावकाश, म्हैस पाण्यात बसावी तसा, उजव्या कुशीवर झोपला. भाऊ शेजारच्या ओल्या सरीत पडला. खांद्याजवळचे हाड मोडले, तेवढ्यावर निभावले.

चार गडी जमवून, दोर लावून ट्रॅक्टर उभा केला. तेव्हा जे दिसले ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दोनच महिन्यांपूर्वी हौसेने बसवलेले पत्र्याचे छत चारी खांबांत मोडून सीटवर टेकले होते. सीट आणि पत्रा यांच्यामध्ये वीतभरसुद्धा जागा राहिली नव्हती. भाऊ सीटवर बसून राहिला असता तर काय झाले असते ते लिहवत नाही.

छत कोणी केले त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही. "मजबूत कर, पुन्हा बघायला नको," असे आम्हीच त्याला सांगितले होते. त्याने दीड इंची अँगल वापरला, वर जाड पत्रा मारला आणि चारी पाय मडगार्डला वेल्डिंग करून टाकले. दिसायला झकास दिसत होते. रस्त्याने जाताना लोक थांबून विचारायचे. ट्रॅक्टर कलंडला त्यात वळणाचा, बांधाचा आणि थोडा भावाच्या घाईचाही वाटा होता. पण त्या छताचाही होता, हे आम्हाला पुढे मुंबईत, लालबागच्या एका खोलीत कळले.

आता कोणी म्हणेल, छत पाहिजेच कशाला? आमचे वडील उघड्यावरच औत हाकीत होते. खरे आहे. पण वडील झाडाखाली बैल सोडून दोन घटका टेकत होते. मिनी ट्रॅक्टरवर माणूस चार-चार तास इंजिनाच्या धगीमागे बसतो. वरून मे महिन्याचे ऊन, समोरून इंजिनाची ऊब, आणि वळीव आला की पाच मिनिटांत सगळा भिजून चिंब. हे पंधरा ते वीस अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर सरीत चालावेत म्हणून अरुंद असतात. रुंदी तीन फुटांच्या आसपास, वजन सहाशे ते साडेआठशे किलो. मोठ्या ट्रॅक्टरांना कंपनीची काचेची, गार हवेची केबिन मिळू लागली आहे. छोट्याला ती सहसा मिळत नाही आणि मिळाली तरी आपल्या उसात ती घालायची कुठे? म्हणून जो तो गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे जातो, तसे आम्हीही गेलो.

भावाचे हाड नीट बसले की नाही हे परळच्या मोठ्या दवाखान्यात दाखवावे असे ठरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात महालक्ष्मी एक्सप्रेसने आम्ही सकाळी दादरला उतरलो आणि लालबागच्या आमच्या गावच्या खोलीवर गेलो.

ही गावची खोली काय असते हे जुन्या सभासदांना सांगायला नको. पण तरुणांपैकी अनेकांनी ती पाहिलेली नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा घाटावरच्या कित्येक गावांच्या अशा खोल्या लालबाग, परळ, डिलाईल रोड या भागात होत्या. एका खोलीत वीस-पंचवीस माणसे. भिंतीला रांगेने ट्रंका. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर पथारी टाकायची. जेवण खाणावळीत. महिन्याच्या महिन्याला गावाला मनीऑर्डर. त्या मनीऑर्डरीतून आपल्या भागात किती विहिरी खणल्या गेल्या, किती इंजिने बसली, आणि कारखान्याच्या शेअरचे पैसे किती घरांनी भरले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आमच्या घरचा शेअर तरी चुलत्यांच्या, म्हणजे अण्णांच्या पगारातून घेतलेला.

अण्णा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत अण्णाही होते. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. पुढे त्यांनी गॅरेजमध्ये टॅक्सीचे पत्राकाम केले, आणि गेली तीसेक वर्षे लालबाग-परळच्या गणपती मंडपांची कामे करतात. आता सत्तरी ओलांडली आहे. वर चढत नाहीत, खाली उभे राहून सांगतात. ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर त्यांचा दिवस चालायचा त्यांच्या जागेवर आज मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे आहेत. अण्णा त्याबद्दल फार बोलत नाहीत.

दवाखान्यातून आल्यावर भावाने मोबाईलवरचा फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि माणसाचे सोडून आधी वेल्डिंगचे सांधे बघितले.

"पाय मडगार्डला चिकटवलं होतं व्हय?"

"व्हय अण्णा. त्यानं सांगितलं, आता हत्ती ओढला तरी निघायचं न्हाय."

"तेच तर. निघायला पाहिजे तिथं निघंना, आणि टिकायला पाहिजे तिथं टिकंना." मग थोडे थांबून म्हणाले, "थरथरणाऱ्या मशिनीवर वेल्डिंग म्हंजे उधारी हाय बाबा. आज ना उद्या तडा वसूल करतोयच."

मग त्यांनी वजन विचारले. आम्ही केव्हा केले होते वजन! त्यांनीच काढले. ४० मिलिमीटरचा, ५ मिलिमीटर जाडीचा अँगल मीटरला तीन किलो भरतो. सोळा मीटर लागला असेल तर अठ्ठेचाळीस किलो. वर पत्रा बारा किलोचा. म्हणजे साठ किलोचा एक माणूस तुम्ही ट्रॅक्टरच्या डोक्यावर कायमचा उभा करून ठेवला होता, असे ते म्हणाले. हा हिशेब मी घरी आल्यावर कागदावर मांडून पाहिला. समजा ट्रॅक्टर सातशे किलोचा आहे आणि त्याचा भारमध्य जमिनीपासून २२ इंचांवर आहे. त्यावर ६४ इंच उंचीवर साठ किलो टाकले, की भारमध्य सव्वातीन इंच वर सरकतो. तीन फूट रुंदीच्या वाहनाला सव्वातीन इंच म्हणजे थोडे नव्हेत. बांधावर चाक चढल्यावर जो ट्रॅक्टर पूर्वी डळमळून परत चारी चाकांवर आला असता, तो आता पलीकडे जातो. हेच छत तीस किलोत केले आणि त्याचे वजन सरासरी साठ इंचांवर राहिले तर भारमध्य दीड इंचच चढतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण आमचा घोळ इथेच झाला होता. छत वेगळे आणि कलंडल्यावर माणूस वाचवणारी कमान वेगळी. ही कमान, जिला रोल बार म्हणतात, जाड पोलादी नळीची असते, ती धुऱ्याच्या घराला बोल्टने आवळलेली असते आणि ठराविक वजनाखाली दाबून, ठोकून तिची परीक्षा घेतलेली असते. आपल्या देशात ट्रॅक्टर तपासणीची केंद्र सरकारची संस्था मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून आहे. असल्या परीक्षा तिथल्यासारख्या ठिकाणी होतात, गावच्या कोपऱ्यावर नव्हेत. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर अशी कमान किंवा तितकी मजबूत केबिन सक्तीची केली आणि त्यानंतर तिथे ट्रॅक्टरखाली सापडून मरणारांची संख्या झपाट्याने उतरली. परदेशात द्राक्षबागांतल्या छोट्या ट्रॅक्टरांना घडी करून खाली टाकता येणारी कमानही असते. ज्यांच्या ट्रॅक्टरला कमान आहे त्यांनी सीटचा पट्टा जरूर बांधावा. कमान नसेल, किंवा घडी करून खाली पाडलेली असेल, तर मात्र पट्टा बांधू नये. ट्रॅक्टरबरोबर माणूसही खाली जातो. आणि घरी केलेल्या छताला कोणी कमान समजू नये. आम्ही दीड इंची अँगलला कमान समजत होतो.

"मग जाडच करावं की, अण्णा. दोन इंची पाइप घालू," भाऊ म्हणाला.

"आणि ते तुटंल का न्हाय ते कोण सांगणार? तू? मी सांगत न्हाय. कंपनीची कमान मिळत आसंल तर ती घ्या. न्हायतर छत हे छत्रीसारखं करा. हलकं, आणि दोन्ही अंगानं उतरायची वाट मोकळी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बेस्टच्या बसने नागदेवी स्ट्रीटला गेलो. मशीद स्टेशनाजवळचा हा हार्डवेअरचा बाजार ज्याने पाहिला नाही त्याने एकदा पाहावा. आपल्या तालुक्याच्या दुकानात "साहेब, तसला मिळत नाही, असला घ्या" हे जे ऐकावे लागते, ते इथे नाही. एका दुकानात फक्त बोल्ट, पलीकडच्यात फक्त स्प्रिंगा. अण्णांनी तिथे पाइप घेतला नाही. तो तालुक्याला मिळतो, मुंबईहून भाडे भरून कोण नेणार? त्यांनी घेतल्या त्या पिना. बोटाएवढ्या जाडीच्या, डोके असलेल्या, टोकाला कडीची लिंच पिन अडकणाऱ्या, आपण ट्रॅक्टरच्या लिंकला वापरतो तशाच. शिवाय नायलॉनचे कडे असलेले नायलॉक नट, कारण एक सिलिंडरच्या इंजिनाच्या थरथरीत साधा नट आठवडाभर राहत नाही.

त्यांचे म्हणणे असे की गिरणीत जे रोज उघडायचे ते पिनेवर असायचे, जे वर्षातून एकदा उघडायचे ते बोल्टवर, आणि वेल्डिंग फक्त तिथे जे कधीच उघडायचे नाही. आपले छत यांपैकी कुठले? पावसाची सर आली की पाहिजे, उसात शिरायचे तेव्हा नको, गोठ्याच्या दारातून आत घालायचे तर नकोच. म्हणजे पिनेवरचे. एवढा साधा विचार आम्ही केला नव्हता.

तिथून गिरगावच्या काठाला ऑपेरा हाऊसला गेलो. मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने तिथे पुष्कळ. अण्णांनी जीपच्या इंजिनाखाली घालतात तसली रबरी माउंटिंगे चार घेतली. छताचे चार पाय लोखंडावर लोखंड न ठेवता या रबरांवर बसवायचे. साचेखात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला आवाजाचा फार राग असतो. तिथे शेकडो साचे एकदम चालायचे, बोलणे हातवाऱ्यांनी, आणि पन्नाशीला पोहोचेपर्यंत निम्म्या लोकांना कमी ऐकू यायचे. अण्णांचा डावा कान तसाच गेला आहे. पत्र्याचे छत ढोलासारखे वाजते आणि तो ढोल डोक्यापासून वीतभर अंतरावर असतो, हे त्यांनी आम्हाला दोनदा बजावले.

वाटेत त्यांनी जीपची गोष्ट सांगितली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत विलीज जीप मुंबईत माझगावला जोडल्या जात. त्या जीपला छत म्हणजे लोखंडी कमानीवर ताणलेले कॅनव्हासचे हूड. पट्टे सोडले की घडी. सुट्या छताचा तोच नमुना, तो पुढे साऱ्या देशभर गेला. रिक्षाचे हूडही तसेच; पण रिक्षा मुंबईत वांद्रे-शीवच्या अलीकडे येऊ देत नाहीत, त्यामुळे हूडवाला दाखवायला आणखी पुढे जावे लागले असते. मग कनाती शिवणारा मंडपाचा शिंपी अण्णांच्या ओळखीचा होता, त्याच्याकडे काम दिले.

संध्याकाळी लालबागला परतताना मिरची गल्लीतून गेलो. भाऊ शिंकून शिंकून हैराण झाला, त्यात खांद्याला पट्टा. घरच्यांनी सांगितलेला मसाला घ्यायचा होता, घेतला. पुढे एका मंडपाच्या गोदामापाशी अण्णा थांबले. गणपतीला अजून अवकाश होता, पण सांगाडे बाहेर काढून तपासणे सुरू झाले होते. प्रत्येक नळीच्या टोकाला छिन्नीने आकडा मारलेला. तीनची नळी तीनच्याच खोबणीत. "वर्षातून दहा दिवस उभं ऱ्हातं आणि साडेअकरा महिने पडून ऱ्हातं," अण्णा म्हणाले. "पडून ऱ्हायलेलं पुन्हा नीट उभं ऱ्हायलं पाहिजे. खरं काम ते."

मग त्यांनी ती सूचना केली जी या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोलाची ठरली. लोखंडाला हात लावण्याआधी बांबू आणि सुतळीचे छत करा. मोठ्या मंडपाचा आराखडा पटत नसला की तेही आधी बांबूवर उभे करून बघतात. "बांबूचं सोंग एक दिवस ट्रॅक्टरवर घालून हिंडा. जिथं लागंल, तिथं बांबू मोडंल. माणूस न्हाय, पाइप न्हाय."

गावी येऊन आम्ही तसेच केले. शेजारी हसले. पण पहिल्या अर्ध्या तासात मागचा डावा बांबू काडकन मोडला. रिजर पूर्ण वर उचलला की त्याचे टोक मागच्या खांबाला भिडत होते. जमिनीवर असताना दोघांमध्ये फूटभर अंतर दिसायचे. लोखंडी खांब असता तर लिफ्टच्या जोराने खांब वाकला असता किंवा लिफ्टचा हात. दुसरे लक्षात आले ते असे, की पुढचा उजवा खांब हाताच्या ॲक्सिलेटरच्या आड येतो. तिसरे, वळून मागे बघताना आडवी पट्टी बरोबर डोळ्यांसमोर. तीन वेळा सुतळी सोडून बांबू हलवले, तेव्हा मापे बसली. त्या बांबूंवरच खडूने खुणा करून तसेच वेल्डिंगवाल्याकडे नेले. वेल्डिंगवाला तोच, बरं का. त्याने या वेळी सगळे ऐकून घेतले.

पाइप घेतला तो एक इंची चौकोनी, २ मिलिमीटर जाडीचा, ज्याला चौदा गेज म्हणतात. मीटरला सुमारे दीड किलो भरतो. वीस फुटी तीन लांब्या आणल्या, सोळा मीटरच्या आसपास लागला. खोबणीसाठी ३० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप. त्याच्या आत २६ मिलिमीटर पोकळी राहते आणि २५ चा पाइप सरकून बसतो. आत वेल्डिंगची शिवण असते, ती कानशीने घासावी लागते, नाहीतर पाइप अडकतो. एक मिलिमीटरची जी ढिलाई राहते ती खडखडते. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून सरकवला की आवाज बंद. खोबणीचे पाय मडगार्डला नाहीत. मडगार्डचा पत्रा पातळ, त्याला तडे जातात. फूटबोर्ड आणि मागच्या बाजूला कंपनीचेच जे बोल्ट होते तेच थोडे लांब घेऊन, त्यांत पट्टी धरून, त्यावर रबरी माउंटिंग आणि मग खोबण. धुऱ्याच्या घराला किंवा गिअरबॉक्सला भोक पाडलेले नाही, वेल्डिंगचा टाका दिलेला नाही. कोणाच्या ट्रॅक्टरला कमान असेल तर तिलाही भोक पाडू नये, तिची ताकद जाते. जे काय वेल्डिंग करायचे ते सांगाडा जमिनीवर ठेवून. आणि ट्रॅक्टरवर कधी टाका मारायची वेळ आलीच तर आधी बॅटरीची अर्थिंगची वायर काढावी आणि डिझेलच्या टाकीपासून लांब राहावे.

प्रत्येक कोपऱ्यात तिरकी पट्टी मारली. अण्णांनी फोनवर सांगितले होते, चौकोन डुलतो, त्रिकोण डुलत नाही. मंडपाला तिरका बांबू याचसाठी. या पट्ट्यांमुळे पातळ पाइपही ताठ राहिला.

छताला एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा घेतला. लोखंडी पत्रा दहा-बारा किलो झाला असता, हा चार किलोत बसला. वरून पांढरा रंग. खाली इंचभर जागा सोडून जुन्या गोणपाटाचा अस्तर ताणला. मधल्या हवेने धगही कमी झाली आणि ढोलाचा आवाजही. सीटपासून छत ४२ इंचांवर. त्यामुळे टोपी घालून बसले तरी खड्ड्यात डोके आपटत नाही. उतार बाजूला दिला आहे. आधीच्या छताचा उतार मागे होता, त्यामुळे मागे वळून औत बघायला लागले की पागोळी थेट मानेत.

रुंदी ट्रॅक्टरइतकीच ठेवली, एक बोटही बाहेर नाही. पूर्वीचे छत दोन्हीकडे चार-चार इंच बाहेर होते आणि मोठ्या बांधणीला उसाचा पाला ओढत, शेंडे मोडत जायचे. ते काढता येत नव्हते म्हणून तसेच चालवायचो. आता बाळबांधणीपर्यंत छत राहते आणि ऊस छातीला आला की छत खाली. मोठी बांधणी मग सकाळी सहा ते दहा आणि पुन्हा साडेचारनंतर करतो. ऊन लागतेच. त्यावर उपाय सापडला नाही, हेही लिहून ठेवतो.

शिंप्याने शिवून दिलेले पडदे पावसासाठी. समोर आणि बाजूंना जाड पारदर्शक प्लॅस्टिक, कडेने कॅनव्हास. चेन लावलेली नाही, चिखलाने दोन दिवसांत दातखीळ बसते. चिकटपट्टीत कुसळे भरतात. ट्यूबच्या पट्ट्या आणि आकडे हेच टिकले. बाजूचे पडदे खालून मोकळे, नुसते लोंबतात. धक्का दिला की माणूस बाहेर. समोर काच लावण्याचा मोह अनेकांना होतो. घरातली साधी काच अजिबात लावू नये. प्लॅस्टिकची कडक शीट लावली तर उसाच्या पाल्याने ती महिन्यात आंधळी होते, कारण पाल्याच्या कडेला करवतीसारखे दात असतात. आम्ही समोर गुंडाळता येणारा पडदाच ठेवला आहे. मागची बाजू तर कायम उघडी. इंजिनाचा धूर आत कोंडला तर गुंगी येऊन माणूस पडायचा.

आणखी एक. असले पडदे सोडून औषध फवारायला कोणी बसू नये. पाणी अडते म्हणजे औषधही अडते असे नाही. फवाऱ्याची बारीक धुई मागून आत येते आणि तिथेच रेंगाळते. फवारणीला छत काढून, वाऱ्याची दिशा बघून, तोंडाला योग्य मास्क आणि हातात मोजे घालूनच बसावे.

रस्त्यावर जाताना पडदे गुंडाळलेले असावेत, मागचे दिवे आणि लाल रिफ्लेक्टर झाकले जाऊ नयेत. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात कंपनीच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. आमचे छत सुटे आहे, तरी ज्यांना कायमचे काही बसवायचे आहे त्यांनी आधी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्यावे. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर विक्रेत्यालाही.

सगळे मिळून तीस किलो भरले. खर्च पिना, रबरे, पडदे आणि मजुरी धरून नऊ हजारांच्या आत बसला; मुंबईचे येणे-जाणे त्यात धरलेले नाही, ते भावाच्या हाडाच्या खाती. पहिल्या दिवशी छत काढायला पाऊण तास लागला आणि दोन पिना सरीत हरवल्या. आता प्रत्येक पीन बारीक साखळीने खांबाला बांधली आहे, खांबांवर छिन्नीने एक ते चार आकडे मारले आहेत, आणि दोघे मिळून दहा मिनिटांत छत उतरवतो. उतरवलेले छत गोठ्याच्या तुळईला दोन दोरांवर टांगलेले असते.

ज्या बांधावर ट्रॅक्टर कलंडला तो कोपरा आम्ही नांगरून सपाट केला आणि वळायला आणखी सहा फूट जागा सोडली. दोन सऱ्यांचा ऊस गेला. हे काम खरे तर छताच्या आधी करायचे होते.

अण्णांचा लालबागहून आठवड्याला फोन असतो. पहिला प्रश्न, "पिना मोजल्या का?" चार खाली, चार वर. आठ आहेत म्हटले, की मग पाऊसपाणी विचारतात.

ज्या सभासदांना मापे हवी असतील त्यांच्यासाठी बांबूवरून उतरून घेतलेला आराखडा गट ऑफिसमध्ये ठेवला आहे. मात्र प्रत्येक कंपनीच्या ट्रॅक्टरची लिफ्ट आणि लिव्हर वेगळ्या जागी असतात, तेव्हा आराखडा नेला तरी आधी बांबूचे करून बघावे. ते बांबू आमच्याकडे अजून आहेत. ज्याला पाहिजेत त्याने न्यावेत आणि आठ दिवसांत परत आणून द्यावेत.